काठावरून मोजलेल्या टाचण्या

कॉलेजच्या हजेरीपटावर माझ्या नावापुढं 'प्रयोगशाळा परिचर' असं लिहिलेलं असायचं. तोंडी मात्र मी मावशीच. प्राणिशास्त्र विभागात अठ्ठावीस वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त होऊन उमापूरला सासरच्या घरी परत आले. कॉलेज माजलगाव धरणाच्या अंगाला आहे, एवढंच सांगते. त्याचं नाव लिहीत नाही. माणसांचीही नावं बदलली आहेत, कारण त्यातली काही अजून नोकरीत आहेत आणि मला त्यांच्याकडं चहाला जायचं असतं.

या अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, मी काय लिहू? बरण्या पुसल्या, बशा धुतल्या, झुरळं पकडली. तीन ओळीत संपतं. निरोप आणणारे म्हणाले, झुरळं कशी पकडायची तेवढं लिहिलं तरी लोक वाचतील. तर ते आधी सांगून टाकते. रुंद तोंडाची बरणी घ्यायची, तळाला गुळाचा खडा ठेवायचा, काठाला आतून तेलाचं बोट फिरवायचं आणि बरणी हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात ठेवून द्यायची. झुरळ वासानं आत उतरतं, पण तेलावरून त्याला वर येता येत नाही. पूर्वी पोरांना झुरळ कापून दाखवावं लागायचं, म्हणून आठवड्याला दोन बरण्या लागायच्या. पुढं तो प्रकार बंद झाला आणि मी सुटले. झुरळंही सुटली.

ही नोकरी खरं तर माझ्या मालकांची. ते गेले तेव्हा मी तिशीची होते, दहावी पास. त्यांच्या जागेवर मला घेतलं. पहिल्या दिवशी कपाट उघडलं तर बरणीत साप, शेजारच्या बरणीत पालीची पिल्लं, आणि सगळ्या खोलीला डोळ्यांत झोंबणारा औषधाचा वास. दुपारी डबा उघडला नाही. महिन्याभरानं त्याच कपाटाला टेकून मी भाकरी खात होते. सासरची मंडळी किराणा दुकानातली, देवाधर्माची, गळ्यात लिंग असलेली. सुट्टीत गेले की सासूबाई विचारायच्या, "हात धुतलेस का?" मी धुतलेले असायचे. तरी परत धुवायची.

प्रात्यक्षिक परीक्षेला टेबलावर एकेक जीव मांडून ठेवायचे आणि पोरांनी तो ओळखून लिहायचा, नर की मादी तेही लिहायचं. पोरं माझ्याकडं बघायची. मी डोकं खाजवलं की नर, पदर सारखा केला की मादी, अशी आमची खूण होती. चूक होती, कबूल करते. एका वर्षी उकाड्यानं डोक्यात घाम फुटला आणि मी सारखं डोकं खाजवत राहिले. त्या रांगेतल्या अकरा पोरांनी ओळीनं सगळे नर लिहिले. देशपांडे सरांनी पेपर तपासले, मला बोलावलं आणि एवढंच म्हणाले, "महानंदाबाई, पुढच्या वर्षी परीक्षेला बाहेर बसा." त्यानंतर मी बाहेर बसायला लागले.

देशपांडे सर आमचे विभागप्रमुख. शिकवायचे फार चांगलं. आवाज कधी चढायचा नाही. त्यांनीच मला टाचण्यांची ओळख करून दिली, आणि ती करून देताना चारचौघांत माझं तोंड पाडलं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

टाचणी म्हणजे चतुराची धाकटी बहीण समजा. चतुर बसला की पंख पसरून बसतो, टाचणी पंख मिटून पाठीवर जुळवून धरते. अंग सुईसारखं बारीक. पाणी असेल तिथं असतेच. धरणाच्या कडेला, कालव्याच्या गवतात, गुरांच्या हौदापाशी. बघितली सगळ्यांनी असते, नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. आमच्याकडं त्या कागदाच्या तिकोनी पुडीत ठेवायच्या. आधी नखांचा रंग काढायला वापरतात तसल्या औषधात बुडवून वाळवायच्या, म्हणजे रंग थोडा तरी टिकतो. मग पुडीवर जागा, तारीख आणि खूण. नराची खूण म्हणजे गोल आणि त्याला बाण. मादीची खूण म्हणजे गोलाखाली दांडा आणि आडवी रेघ. मला ती हातात धरायच्या आरशासारखी वाटायची. मी मनात आरसेवाल्या आणि बाणवाले असंच म्हणायची.

पाच-सहा वर्षांनी मला वाटायला लागलं की आता आपल्याला कळतं. एकदा वर्ग भरलेला असताना मी सरांना म्हटलं, "सर, ही मादी आहे. तुम्ही नरांच्या डब्यात टाकलीत."

"कशावरून?"

"रंग नाही तिला. मातकट आहे."

सरांनी ती चिमट्यानं उचलली, भिंगाखाली उताणी धरली आणि मला जवळ बोलावलं. "रंगावर जाऊ नका. हा कोवळा नर आहे. पंख फुटल्यावर अंगावर रंग चढायला दिवस लागतात. खाली बघा. ज्याला आपण शेपटी म्हणतो ते तिचं पोट. पंखांच्या बुडापासून दुसरं पेर धरा. तिथं खालच्या अंगाला फुगवटा दिसतो? तो फक्त नराला असतो. आता टोकाला बघा. दोन बारीक आकडे आहेत, चिमट्यासारखे. त्यांनी तो मादीची मान धरतो. मादीला दुसऱ्या पेराखाली काही नसतं, सपाट असतं. तिचं पोट टोकाकडं जाड होतं आणि खाली अंडी घालायची सुई असते. रंग फसवतो, हे फसवत नाही."

मागच्या बाकावर पोरं हसली. सर हसले नाहीत, पण माझे कान तापले. त्या दिवशी मी दोन गोष्टी शिकले. एक, टाचणी उताणी करून बघायची. दुसरी, सरांच्या चुका काढायच्या नाहीत. पहिली कामाला आली. दुसरीनं घात केला.

अश्विनी आमच्याकडं आली ती एम.एस्सी. होऊन, पीएच.डी. करायला. गाव शिरूर कासारच्या बाजूचं. आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. ही आजीपाशी राहून शिकलेली. बोलायला कमी, वहीत लिहायला पक्की. सरांनी तिला विषय दिला टाचण्यांचा. धरणाच्या आणि कालव्याच्या कडेला पाच जागा ठरवायच्या, दर पंधरवड्याला त्याच जागी जायचं, शंभर पावलं सावकाश चालायचं आणि दिसतील त्या टाचण्या मोजायच्या. कुठल्या जातीच्या, किती नर, किती माद्या. पाण्याशी नर जास्त दिसतात की माद्या, आणि कुठल्या महिन्यात, हे काढायचं होतं.

पोरीला एकटीला कालव्यावर कसं पाठवायचं, म्हणून सरांनी मला तिच्यासोबत दिलं. माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस ते. ऊन तापलं की टाचण्या उडायला लागतात, म्हणून आम्ही साडेनऊला निघायचो. जाळी माझ्या खांद्यावर, वही तिच्या हातात. ती हळू आवाजात बोलायची, "नर, नर, मादी, नर," आणि तिचं पेन चालायचं. मोजणी झाली की बाभळीखाली बसून डबा. तिच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, माझ्या डब्यात भात आणि आमटी. अर्धं-अर्धं व्हायचं. कधी तिच्या आईचा फोडातून फोन यायचा. फोड म्हणजे तोडणाऱ्या जोडीला नेमून दिलेली उसाची पट्टी. मागं कोयत्याचा आवाज यायचा. आई विचारायची, "काय करायलीस?" ही म्हणायची, "मोजायलेय." आई म्हणायची, "आमी बी मोळ्याच मोजायलोत." आणि दोघी हसायच्या.

मोजणीत सगळ्यात जास्त भरायची ती एक बोटभर टाचणी. हिरवं अंग, पाठीवर काळे पट्टे, शेपटीच्या टोकाजवळ निळा ठिपका. तो नर. मादी मातकट, कोवळेपणी भगवी. सरांनी पहिल्या दोन फेऱ्यांना स्वतः येऊन शिकवलं होतं. काठावरून उडत्या टाचणीचं पोट कसं दिसणार? म्हणून मोजायचं ते रंगावर. निळं टोक दिसलं की नर. नमुना म्हणून धरलेल्या टाचणीच्या पुडीवरही तीच खूण जायची. अश्विनीच्या वहीत त्या जातीचे नर माद्यांच्या कितीतरी पट भरत होते. सर खूष होते. म्हणायचे, हे नवीन आहे, यावर स्वतंत्र प्रकरण होईल.

मोजणीचं दुसरं वर्ष चालू होतं. पौषातली गोष्ट. अश्विनी पुढं पाण्याचं तापमान घेत होती आणि मी कालव्याच्या कडेला डबा विसळायला बसले होते. हाताच्या अंतरावर पाण्यातल्या एका काडीवर निळ्या टोकाची टाचणी बसली होती. एकटी. तिनं पोट वाकवलं, टोक पाण्याखाली काडीला लावलं आणि बोचायला लागली. थोडी खाली सरकली, परत बोचलं. मी डबा तसाच हातात धरून बघत राहिले. अंडी घालत होती. निळ्या टोकाची. जिला आम्ही दीड वर्ष नर म्हणून मोजत होतो ती.

मी जाळीनं तिला धरलं. अश्विनीला वाटलं, नेहमीसारखा नमुना घेतला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी विभागात कुणी यायच्या आत मी भिंग लावलं. दुसऱ्या पेराखाली सपाट. टोकाशी जाड, खाली सुई. वरून हुबेहूब नर आणि खालून मादी. मग मी कपाटातला डबा काढला आणि बाणाची खूण असलेल्या पुड्या एकेक करून उघडल्या. पहिल्या तीसेक पुड्यांत नऊ माद्या निघाल्या. म्हणजे या जातीच्या काही माद्या नराच्या रंगाच्याच असतात आणि आमच्या डब्यात त्या बाणाच्या खुणेखाली झोपल्या होत्या.

मी पुड्या होत्या तशा घड्या घालून ठेवून दिल्या.

का, ते नीट सांगते. आधी वाटलं, मी परत चुकले असेन. दहावी पास बाई, चारचौघांत एकदा तोंड पडलेलं. मग परत एकदा बघितलं, तेव्हा कळलं की मी चुकलेली नाही. तेव्हा वाटलं, चूक सरांची आहे, ती त्यांची त्यांना सापडेल. इतकी शिकलेली माणसं, कधीतरी एखादी पुडी उघडून उताणी करतीलच. आणि अश्विनी इतकी आनंदात होती की तिच्यापुढं जीभ उचलेना. आज सांगू, उद्या सांगू करत होळी गेली, उन्हाळा गेला. आम्ही मोजत राहिलो. ती म्हणायची, "नर," आणि मी गप्प. आषाढात मोजणी संपली. सरांनी पेढे आणले. मीसुद्धा एक खाल्ला.

कार्तिकात तिचं टायपिंग सुरू झालं. शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात शिकवायची जागा निघाली होती आणि प्रबंध दाखल झाल्याचा कागद महिनाअखेर दिला तर ती जागा अश्विनीला मिळेल असं जवळपास ठरलं होतं. एका दुपारी ती छापलेली पानं घेऊन माझ्याकडं आली. "मावशी, हे तेवढं वाचा, शुद्धलेखन बघा. तुमचं मराठी चांगलं हाय." प्रबंध इंग्रजीत होता, पण सोबत मराठीत सारांश द्यायचा होता. त्यात लिहिलं होतं की या जातीत पाण्याशी नरांचं प्रमाण माद्यांपेक्षा फार जास्त आढळलं. मी ती ओळ तीनदा वाचली.

"अश्विनी, ही ओळ चूक आहे."

"काय चुकलंय? ऱ्हस्व-दीर्घ?"

मी उठले, डबा काढला, ती पौषातली पुडी उघडली आणि भिंग तिच्यासमोर ठेवलं. तिनं बघितलं. दुसरी मागितली. तिसरी. मग तिनं सगळा डबा टेबलावर ओतला आणि एकेक करून दोन ढीग करायला लागली. पाऊण तास गेला. ढीग झाले. तिनं पौषातल्या पुडीवरची तारीख बघितली. अक्षर माझंच होतं.

"मावशी, तुम्हाला तेव्हापासून ठाऊक हाय?"

"होय."

"दहा महिने?"

मी मान हलवली. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुड्या परत डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि म्हणाली, "तवाच सांगितलं असतं तर निम्मं वर्ष तरी नीट मोजता आलं असतं, मावशी." आणि निघून गेली. डब्यातल्या टाचण्या परत तपासता येत होत्या. वहीतल्या तपासता येत नव्हत्या. त्या केव्हाच उडून गेल्या होत्या आणि त्यातली कुठली निळी खरंच नर होती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडं गेली आणि मलाही घेऊन गेली. सरांनी भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग चष्मा काढून पुसत बसले.

"काठावरून मोजायला मीच सांगितलं," ते म्हणाले. "रंगावर मोज, हे मीच सांगितलं. पुस्तकात आहे हे. काही जातींत माद्या नरासारख्या असतात. मला माहीत होतं. आपल्याकडं इतक्या असतील असं वाटलं नाही."

मग सर म्हणाले, "हे बघ अश्विनी, सगळीकडं असंच मोजतात. आपण एक ओळ टाकू. मोजणी रंगावर केलेली आहे, काही माद्या नरांत गणल्या गेल्याची शक्यता आहे. खोटं काही नाही त्यात. दाखल कर. जागा हातची जाईल."

"आणि प्रकरण?"

"प्रकरण राहील."

"मग सर, ओळीत खरं आणि प्रकरणात खोटं असं व्हईल."

सर म्हणाले, दोन दिवस विचार कर. ती दोन दिवस आली नाही. मी त्या दोन दिवसांत किती बरण्या पुसल्या, देव जाणे. पुसलेल्याच परत पुसल्या. तिसऱ्या दिवशी ती आली ती थेट माझ्याकडं. "मावशी, परवा निघायचं. कालव्यापासून सुरू करू. आता प्रत्येक टाचणी धरायची, उताणी करायची, मगच लिहायची. तुम्ही येणार न्हवं?"

मी म्हटलं, "येणार." दुसरं बोलायला तोंड नव्हतं.

ते वर्ष लांब होतं. एकेक टाचणी जाळीत घ्यायची, दोन बोटांत पंख जुळवून हलकेच धरायचे, भिंगाखाली पोट बघायचं, पंखावर पेनाचा बारीक ठिपका द्यायचा म्हणजे ती परत मोजली जात नाही, आणि सोडून द्यायची. पंख चुरगळला तर संपली, म्हणून बोटं हलकी लागतात. अश्विनीपेक्षा माझी बोटं हलकी होती, त्यामुळं धरायचं काम माझं. माझ्या रजा, माझे रविवार त्यात गेले. सुरुवातीचे दोन महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. डबा वेगळा खायची. एका रविवारी सर न सांगता कालव्यावर आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि जाळी घेऊन पाण्यात उतरले. त्यांचा तोल गेला आणि ते कमरेपर्यंत बसले. वर्गात ज्यांच्यापुढं कुणी खाकरत नसे ते सर चिखलात बसून म्हणाले, "सुटली." अश्विनी हसली, मी हसले, सरही हसले. त्या दिवशी तिनं तिची चटणी माझ्या डब्यात वाढली.

जागा गेली ती गेलीच. ती दुसऱ्या कुणाला मिळाली. आता अश्विनी लांबच्या एका जिल्ह्यात तासिका तत्त्वावर शिकवते, आणि तेव्हाच कायम झाली असती हे मला दर वेळी तिचा फोन आला की आठवतं. ती कधी बोलून दाखवत नाही.

वर्षभराच्या मोजणीनंतर नर आणि माद्या जवळपास बरोबरीनं भरले. निळ्या माद्यांवर तिनं नवं प्रकरण लिहिलं आणि जुनी मोजणी चुकीची म्हणून तशीच शेवटी जोडली. तोंडी परीक्षा वैशाखात झाली. ती खुली असते, कुणीही मागं बसून ऐकू शकतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई कडक होत्या. त्यांनी विचारलं, "चुकलेली दोन वर्षं प्रबंधात कशाला ठेवली? काढून टाकायची." अश्विनी म्हणाली, "मॅडम, दुसरं कुणी काठावरून मोजत असेल तर त्याला कळावं म्हणून." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं आणि पुढचं पान उलटलं.

शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी अश्विनीची आई बसली होती, राधाबाई. ऊसतोडीवरून परत येऊन आठ-पंधरा दिवस झाले होते. फोनवर ऐकलेला आवाज, आता माणूस दिसलं. काटक, उन्हानं करपलेली, हाताला भेगा आणि उसाच्या पानांचे जुने ओरखडे. सगळं इंग्रजीत चाललेलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "नापास तर न्हाई केलं?"

"नाही हो. पास झाली. डॉक्टर झाली तुमची पोरगी."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि जरा वेळ तशाच बसल्या. हॉल रिकामा व्हायला लागला. मग पदर खाली घेऊन त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ताई, एक इचारू? तुमाला आधीच ठावं व्हतं म्हनं. तुमी तवाच कावून न्हाई सांगितलं?"

अश्विनीनं दीड वर्षात जो प्रश्न विचारला नव्हता तो त्यांनी असा सरळ विचारला. रागानं नाही. माहिती हवी म्हणून विचारतात तसा.

"भ्याले," मी म्हटलं. "सरांच्या चुका आपण कशा काढायच्या, असं वाटलं."

त्या म्हणाल्या, "मुकादम मोळ्या मोजताना चुकला तर आमी बी गप बसतो. लई वर्सं झाली गप बसून." आणि आणखी थोड्या वेळानं, "तिला मातर असलं शिकवू नका."

"ती शिकायची नाही. तिनं मलाच शिकवलं."

अश्विनी सरांसोबत परीक्षक बाईंना सोडायला गेली होती. राधाबाई उठल्या, लुगडं सारखं केलं आणि म्हणाल्या, "पोरीनं चार वर्सं काय मोजलं ते मला बघायचं हाय. दावता का?"

मी त्यांना विभागात नेलं. खिडकीपाशी टेबल ओढलं, खुणा दुरुस्त केलेला डबा काढला, भिंग बसवलं. एक पुडी उघडून निळ्या टोकाची टाचणी उताणी ठेवली आणि सरांनी मला सांगितलं होतं तसं सांगायला लागले. पंखांच्या बुडापासून दुसरं पेर. फुगवटा असेल तर नर. सपाट असेल आणि टोकाशी जाड असेल तर मादी. रंग बघायचा नाही.

राधाबाईंनी दोन्ही हात टेबलावर रोवले आणि वाकून बघितलं. इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटलं, त्यांना काही दिसत नसेल. मी भिंग सारखं करायला हात पुढं केला. त्यांनी माझा हात अडवला.

"ही बाई हाय," त्या म्हणाल्या.

मी पुडीवरची खूण बघितली. आरसा होता.

"दुसरी द्या."

मी दुसरी दिली. नर म्हणाल्या, नरच होता. मग तिसरी. खाली चहाला बोलवायला शिपाई येऊन गेला, अश्विनी दारात येऊन उभी राहिली, पण राधाबाईंनी मान वर केली नाही. त्यांनी वीस-बावीस टाचण्या तपासल्या. एकच चुकली. ती चुकली तेव्हा मी लगेच सांगितलं.